लोखंडाला पंचामृत

आमचे जावई गेले तीन दिवस गच्चीवर सायकल उघडून बसले आहेत. माणूस पन्नाशीचा, कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. सायकल गिअरची. मागच्या चाकावरचे गिअर झिजले, चेन झिजली, म्हणून दोन्ही नवीन मागवले, आणि आता मोबाइल कुंडीला टेकवून त्यातला कोणी गोरा माणूस सांगेल तसं करून राहिले. हातात निळे रबरी मोजे. मी म्हटलं, "जावईबापू, ऑपरेशन आहे का कोणाचं?" ते हसले. म्हणाले, "आई, तुम्हाला नाही कळायचं हे. यात टेक्निक असतं."

घ्या! ऐंशी ओलांडल्यावर हेही ऐकायचं राहिलं होतं.

जावयाला काय बोलणार? खुर्ची ओढून सावलीत बसले. खाली अकोल्याच्या जठारपेठेत नवरात्राचे भोंगे कोकलत होते, गल्लीत सीताफळवाली आली होती. दाराला झेंडूच्या माळा, आणि गच्चीवर ऑइलचा वास. झेंडू आणि ऑइल हे दोन वास एकत्र आले की माझं टाळकं सरकतं. हे आजचं नाही, साठ वर्षांच्या वरचं दुखणं आहे. लोकांना नवरात्रात देवी आठवते. मला आमच्या घरचे दोन पुरुष आठवतात, आणि आरतीला टाळ्या वाजवतानाही माझे दात आवळलेले असतात.

तेव्हा आम्ही अमरावतीला अंबापेठेत राहायचो. वडील वकील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. वकिली बेताची, रुबाब मात्र हायकोर्टाचा. त्यांच्या मते जगात दोनच जातीची माणसं, डोकं वापरणारी आणि हात वापरणारी. आमचं घराणं अर्थातच पहिल्या जातीचं. भिंतीत खिळा ठोकायचा तरी सुताराला निरोप जायचा, आणि सुतार येईपर्यंत नवं कॅलेंडर आठ-आठ दिवस गादीवर लोळत पडायचं. थोरला भाऊ मनोहर, माझा दादा, नुकताच बी.एस्सी. झालेला. तो डोकं वापरणाऱ्यांमध्येही माडीवरचा. दिवा लागला नाही तर हा उठून पाहायचा नाही. अंधारात बसून वीज म्हणजे काय ते आम्हाला समजावून सांगायचा. आई कंदील लावून आणायची, तेव्हा त्याचं व्याख्यान अर्ध्यावर आलेलं असायचं.

मी मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरी बसले होते. पापड लाटत होते, लग्नाची वाट पाहत होते, म्हणजे बाकीचे पाहत होते. मी कोणाला न विचारता मास्तरणीच्या नोकरीचा अर्ज केला होता. फक्त आईला माहीत होतं. देवळात जाते सांगून तिनंच तो टपालात टाकला होता. दसऱ्याच्या आधी दहा-बारा दिवस कागद आला. जनपदाची, म्हणजे आताच्या जिल्हा परिषदेसारखी, शाळा. गाव चांदूर रेल्वेच्या रस्त्यावर, अमरावतीहून सात मैल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत रुजू व्हायचं. नाही झालं तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला.

अण्णांनी कागद तीनदा वाचला. एका ठिकाणी स्वल्पविराम चुकलाय म्हणाले. मग अट घातली. मुलीनं खेड्यात राहायचं नाही, दिवेलागणीच्या आत घरात पाहिजे. मोटार दिवसातून एकच, तीही दुपारी दोनला सुटायची. म्हणजे राहिली सायकल. एका नर्सबाईंची बदली झाली तेव्हा त्यांची जुनी लेडीज सायकल आमच्याकडे आली होती, पण तिची चेन दात सोडायची. चढावर जरा जोर दिला की पाय खाडकन खाली जायचा आणि गुडघा हँडलवर आपटायचा. अण्णा म्हणाले, "सायकल धड असेल तर जा. रस्त्यात बंद पडलेली मुलगी मला चालायची नाही." बंद पडलेली मुलगी! असे त्यांचे शब्द. माझी नोकरी त्या मागच्या चाकाच्या दातांना येऊन लटकली.

राजापेठेत कादर मिस्त्रींचं दुकान होतं. मी सायकल ढकलत तिथे नेली. त्यांनी खाली बसून बोटानं चेन उचलून पाहिली, चाक फिरवलं, आणि दोन मिनिटांत निकाल दिला. "बाई, चेन बी गेली अन् फ्रीव्हील बी गेलं. हे पाहा दात, मांजरीच्या नखावानी झाले. एकटी नवी चेन टाकसान त हे दात तिले बी खाऊन टाकतीन. जोडीनं बदला. ठेवून जा, घंट्याभराचं काम हाय." फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकाच्या मधोमध असतं ते दातेरी चाक. पायडल पुढे मारलं की ते चाकाला धरून ओढतं, पाय थांबवले की कट्-कट् करत मोकळं फिरतं. एवढंच ते. घंट्याभराचं काम.

पण मग अण्णा अण्णा कसले? मला अकोल्याहून एक स्थळ सांगून आलं होतं, दिवाळीनंतर मंडळी पाहायला येणार होती. वकिलाच्या मुलीची सायकल मिस्त्रीच्या दुकानात उलटी टांगलेली दिसली तर लोक विचारतील, पोरगी चालली कुठे? "सामान घेऊन या, घरीच करू," अण्णा म्हणाले. "मनोहर आहे ना. बी.एस्सी. उगाच झाला का तो?"

उगाचच झाला होता, पण हे सांगायची सोय नव्हती.

नवं फ्रीव्हील आणि नवी चेन पुडक्यात घरी आली. षष्ठीला दादानं कागदावर आकृती काढली. सप्तमीला ती पुन्हा काढली, यावेळी बाण दाखवून. अष्टमीला दुपारी जेवून, सुपारी खाऊन, बाह्या सरसावून साहेब ओसरीवर आले. चाक काढलं मी. नट सोडवले मी. त्यानं फक्त छन्नी फ्रीव्हीलच्या खाचेत ठेवली आणि हातोडा उचलला. मी म्हटलं, "दादा, उलट्या बाजूनं मार. मिस्त्री उलट्या बाजूनं मारतात. मी पाहिलंय."

"तू पाहिलंयस?" तो म्हणाला. "विमल, तुझं मॅट्रिकला गणित किती होतं?"

आणि हाणत सुटला. सुलट बाजूनं. आता गंमत अशी, की त्या बाजूनं फ्रीव्हील निघत नाही. सायकल चालवताना प्रत्येक पायडलनं ते आणखी घट्ट बसत असतं, त्याच बाजूनं हा ते ठोकत होता. निघतं फक्त त्याच्यावरचं झाकण, कारण त्याचे आटे उलटे असतात. तेवढं निघालं. दातांचं कडं एकदम हातात आलं, दादा ओरडला, "निघालं!" आणि आतले मोहरीएवढे छर्रे खळ्ळकन ओसरीभर सांडले. झोपाळ्याखाली गेले, मोरीत गेले, आईनं वाळत घातलेल्या गव्हात गेले. मधला गाभा चाकाला होता तिथेच, जागचा हलला नव्हता. दादानं त्याच्याकडे पाहिलं, आकृतीकडे पाहिलं. आकृतीत छर्रे नव्हते. "हे आता कारखान्यातच निघेल," असं म्हणून तो उठला, अर्धा तास साबणानं हात धुतले, आणि वाचनालयात गेला. महिनाभर आम्ही गव्हातून छर्रे निवडले.

हे लिहिता लिहिता गच्चीवर पुन्हा आवाज आला. जावईबापूंचा एक बारीक स्क्रू कुंड्यांच्या मागे गेला म्हणे. माझी लेक लिंबाचं सरबत घेऊन धावली, आता दोघं पालथे पडून शोधून राहिले. "काही नाही आई, होतं असं," लेक मला म्हणाली. मला का सांगते? मी काही विचारलं होतं का? नवऱ्याची बाजू घ्यायला ह्या बायका किती तत्पर! कोणाचं वळण उचललं आहे तेही मला चांगलं माहीत आहे.

तर नवमी उजाडली. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असायची. हत्यारं म्हणजे काय, विळी, अडकित्ता, कात्री, अण्णांचं फाउंटन पेन, कायद्याची जाडजूड पुस्तकं, आणि त्या वर्षी हातोडा, छन्नी, पाने. पाटावर मांडलं की दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. भाजीसुद्धा आई आदल्या दिवशी चिरून ठेवायची. म्हणजे माझा एक दिवस असाच गेला. अण्णांनी नवं फ्रीव्हील आणि चेनही पाटावर मांडायला सांगितली. नवी वस्तू, पहिली पूजा झालीच पाहिजे. पुस्तकांवर त्यांनी एकेक फूल ठेवलं, अगदी हळूच, पानांना डाग पडू नये म्हणून. मग फ्रीव्हील ताम्हनात घेतलं आणि त्याच्यावर पळीनं पंचामृत सोडायला लागले.

"अण्णा, आतमध्ये जाईल ते," मी म्हटलं.

"जाऊ दे की," ते म्हणाले. "आतपर्यंत पवित्र होईल."

दूध, दही, तूप, मध, साखर. सगळं त्या बिचाऱ्या लोखंडाच्या फटीत गेलं. पुस्तकांना फूल आणि लोखंडाला पंचामृत! बोटभर फटीत काय असतं हे पाहायची ज्याला कधी गरज पडली नाही, तोच माणूस असं करू शकतो. मी जळत होते. पण दोन दिवसांवर माझी नोकरी होती आणि परवानगी त्याच माणसाच्या तोंडात होती. मी घंटी वाजवली.

दसऱ्याला चार वाजता पुरुष मंडळी सीमोल्लंघनाला गेली. जरीची टोपी, उपरणं, वहाणा कुरकुरवत दोघं गल्लीच्या टोकाला वळले, आणि आई स्वयंपाकघरातून पदर खोचून बाहेर आली. तिच्या हातात भलामोठा पाना. शेजाऱ्यांकडे नळ बसवायचं काम चालू होतं, तिथून मागून आणला होता. आई चौथी शिकलेली. सायकलवर ती जन्मात बसली नव्हती. "विमे, आण ते चाक," ती म्हणाली. "बरणीचं झाकण बसलं की आपण काय करतो?"

तिनं आधणाचं पाणी त्या गाभ्यावर ओतलं. मग रॉकेल. मग चाक जमिनीवर आडवं घातलं आणि जात्यासमोर बसावं तशी पाय पसरून, दोन्ही हातांनी रिम धरून बसली. मी पाना लावला, उलट्या बाजूनं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा माझा हात सटकला आणि सालटं निघालं. "रडू नको," आई म्हणाली, "जोर लाव. मी धरलंय." तिसऱ्या वेळेला कर्रकन आवाज झाला, आणि बी.एस्सी.ला कारखान्यातच निघेल असं वाटलेलं ते लोखंड बाटलीच्या बुचासारखं फिरायला लागलं.

आई हसली. तसं हसताना मी तिला फार कमी वेळा पाहिलं आहे. मग नवं फ्रीव्हील फडक्यानं पुसलं, वरून जमेल तेवढंच. आट्यांना वंगण लावून हातानं बसवलं. नवी चेन जुनीशेजारी मांडली तर दोन कड्या जास्त निघाल्या. पाट्यावर ठेवून, खिळा आणि हातोडा घेऊन आईनंच त्या तोडल्या. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले होते. तिनं त्यांच्याकडे मेंदी रंगल्यावर पाहावं तसं वळवून वळवून पाहिलं. अंगणात मी सायकलवर चार चकरा मारल्या. चेन दात सोडत नव्हती.

पुरुष आपट्याची पानं घेऊन परतले. दादानं सायकल पाहिली आणि म्हणाला, "माझ्या ठोकण्यानं सैल झालंच होतं ते." खुशाल म्हणाला! मी त्याला सोनं दिलं आणि पायाही पडले. वर्षाचा सण होता.

एकादशीला सकाळी सायकल बाहेर काढायला गेले तर मागच्या चाकापासून उंबऱ्यापर्यंत मुंग्यांची रांग. मी त्या झटकल्या आणि निघाले. नऊ वाजले होते. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना काळी जमीन, त्यात कापूस नुकता फुटायला लागलेला, ज्वारीची कणसं दाण्यावर आलेली. नवी चेन आवाजसुद्धा करत नव्हती. मी एकटी होते, नोकरीला चालले होते, आणि मला इतका आनंद झाला होता की मी मोठ्यानं पाढे म्हणायला लागले. गाणं म्हणायची लाज वाटली म्हणून पाढे.

चौदाच्या पाढ्यात पायडल फोकट फिरलं. पुढे मारलं तरी चाक हलेना. चेन जागेवर, दात जागेवर, आणि पाय नुसते हवेत. चार मैल आले होते, तीन बाकी. फ्रीव्हीलच्या आत दोन खटके असतात, ते उघडून चाकाला धरतात. मध-साखर दोन दिवसांत वाळत घट्ट झाली होती, आणि ते खटके आता आत चिकटून बसले होते. तेव्हा मला खटके माहीत नव्हते, मध माहीत होता. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून अण्णांना जे बोलले ते इथे लिहिता येत नाही.

विहिरीवर एक म्हातारा शेतकरी बैलांना पाणी पाजत होता. तो आला, गुडघ्यावर बसला, मागच्या चाकाला बोट लावलं, वास घेतला आणि सरळ चाखलं. "हे त गोड लागून राहिलं वं बाई! सायकलले काय परसाद चारला का?" मी झालेलं सांगितलं. तो इतका हसला की त्याला खोकला आला. "मले सांग, तुहा बाप बैलाच्या नाकात बी तूप ओतते का?" म्हणाला. पण हसता हसता त्यानं बादली भरून आणली, सायकल आडवी केली, आणि त्या फटीत बारीक धार धरली. मी चाक फिरवत राहिले. दुसऱ्या बादलीला पाणी पांढरट निघालं. चौथ्या बादलीला आतून आवाज आला, कट्, मग कट्-कट्, मग कट्-कट्-कट्-कट्. "बोलली," म्हातारा म्हणाला. "जाय आता. शाया सुटून जाईन."

मी पोचले तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, हात काळे. हेडमास्तरांनी वर न पाहता सांगितलं, "मजुरीची हजेरी पाटलांच्या वाड्यावर, इथे नाही." मी कागद पुढे केला. ते गडबडून उभे राहिले, मग रजिस्टर फिरवून माझ्यासमोर ठेवलं. मी पूर्ण नाव लिहिलं. पानाच्या कडेला अंगठ्याचा काळा डाग पडला, तो त्यांनी टिपकागदानं टिपून पाहिला, गेला नाही.

संध्याकाळी घरी आले तर बैठकीत अण्णांचे दोन वकील मित्र सोनं द्यायला आलेले. मला दारात पाहताच अण्णा म्हणाले, "या मास्तरीणबाई! काय, झालात रुजू?" आणि मित्रांकडे वळून, "झाली बरं का आमची मुलगी रुजू. सात मैल सायकलनं. आणि चेन, फ्रीव्हील, सगळं आमच्या मनोहरनं घरच्या घरी बदललं." दादा आढ्याकडे पाहत होता. आई चहाचा ट्रे घेऊन आली होती. चुलीच्या राखेनं, चिंचेनं, लिंबानं घासूनही तिची नखं काळीच होती.

मी तोंड उघडलं. पण अण्णांनी चारचौघांत 'आमची मुलगी रुजू झाली' असं म्हटलं होतं, अगदी छाती काढून. चारचौघांत त्यांना खोटं पाडलं तर दुसऱ्या दिवशी सायकलला कुलूप लागलं असतं. हे मला स्वच्छ दिसत होतं. एवढ्यात एका वकिलानं कौतुकानं विचारलं, "काय गं, भावानं कामगिरी केली म्हणायची!"

"हो," मी म्हटलं. "दादानंच केलं सगळं."

नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. कोणी शपथ घातली नव्हती. आईनं ट्रे खाली ठेवला आणि वकिलांना विचारलं, "साखर पुरेशी आहे ना?"

अण्णा मूर्ख होते, दादा पोकळ होता, हे मी साठ वर्षं ज्याला त्याला सांगत आले आहे. सांगताना माझं हे शेवटचं वाक्य मी नेहमी वगळते. त्या दोघांना निदान कळत तरी नव्हतं, आणि मला सगळं कळत होतं. त्या घरात त्या दिवशी सगळ्यांत हलकं माणूस कोण होतं, ते मला विचारू नका.

आईच्या नखांतला काळा रंग दिवाळीपर्यंत गेला नाही. कोणी आलं की ती हात पदराखाली घ्यायची. आणि रोज सकाळी त्याच हातांनी डबा बांधून, सायकल उंबऱ्याबाहेर काढून, ती माझ्यासाठी धरून उभी राहायची.